नागोजीरावांचे शनिवार

मुलांनो, आमच्या तिसऱ्या मजल्यावरचे नागोजीराव कोणाकडेही चहाला गेले की बिस्किट आधी खिडकीपाशी नेतात. उजेडात धरतात, उलटं करतात, मधोमध मोडतात आणि यजमानांना विचारतात, “आत कोण आहे?”

‘काय आहे’ नाही. ‘कोण आहे’.

त्यांचं घराणं किती पिढ्या बेंगळुरात आहे हे त्यांनाही नक्की ठाऊक नाही. चाळीस वर्षं त्यांनी चिकपेटेत धान्याचं दुकान चालवलं, आणि त्यांच्या सांगण्यानुसार ती चाळीस वर्षं म्हणजे एक लढाईच होती. तांदळात सोंडे, गव्हात टोके, मुगात भुंगे, रव्याला जाळी. कडुनिंबाचा पाला, एरंडेल, ऊन आणि चाळणी ही त्यांची हत्यारं. “माझ्या दुकानातून एक किडा गिऱ्हाइकाच्या घरी गेला नाही, अक्का,” असं ते मला आठवड्यातून एकदा तरी सांगतात. मी त्यांच्याहून दोन वर्षांनी मोठी, म्हणून अक्का. बायको गेली, दुकान बंद झालं आणि मुलाने त्यांना इथे सर्जापूर रोडला आणलं.

अशा माणसाला एके दिवशी आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर कळलं, की इंदिरानगरात कोणीतरी रातकिडे वाळवून, दळून, त्या पिठाची बिस्किटं करतंय. भरपूर प्रथिनं असतात म्हणे. चव घेऊन मत सांगायला साठीच्या पुढची माणसं हवी होती.

नागोजीराव तडक माझ्याकडे आले. “वाचलंत, अक्का? आम्ही पिठातून किडे काढायचो. हे लोक किड्यांतून पीठ काढतात!”

मी इथल्याच शाळेत जीवशास्त्र शिकवलेली बाई. शांतपणे म्हटलं, जगात पुष्कळ लोक आवडीने किडे खातात. आणि तुम्ही कोळंबी खाताच की.

“कोळंबी समुद्रात राहते. तिने माझ्या तांदळाला कधी तोंड लावलं नाही.”

मी त्यांना चहा दिला, बिस्किटाशिवाय.

त्या दिवसापासून कुठल्याही पुडीवर त्यांचा विश्वास उरला नाही. सुनेच्या ओट्सचं पाकीट त्यांनी भिंगाखाली वाचलं. बी विंगमधल्या जिमवाल्याला लिफ्टमध्ये अडवून त्याच्या प्रोटीनच्या डब्याचा वास घेतला. माझ्या नाचणीच्या लाडवाकडे बघून म्हणाले, “रंग स्वल्प तसाच वाटतो हं, अक्का.”

आणि त्याच आठवड्यातल्या शनिवारी इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून ते स्वतःच इंदिरानगरला गेले. “आत शिरल्याशिवाय कळत नाही. पुरावा आणतो,” म्हणाले.

पुरावा काही आला नाही. नागोजीराव मात्र पुढच्या शनिवारी परत गेले. त्याच्या पुढच्याही. दाढी गुळगुळीत, खिशाला पेन. आता संशय घ्यायची पाळी सोसायटीची होती. “सवय लागली असेल का हो?” शेजारच्या मालतीबाईंनी माझ्या कानात विचारलं. गणपतीत नागोजीरावांनी चिवडा वाटला, तर लोक शेंगदाणे बाजूला सारून आत बघू लागले. खोटं कशाला बोलू, माझी वाटीही मी खिडकीपाशी नेली.

ते त्यांच्या नजरेतून सुटलं नाही. दुसऱ्या दिवशी दारात हजर. “अक्का, शनिवारी बरोबर चला. साक्षीदार पाहिजे. मी एक कण खाल्लेला नाही, आणि इथे मला कोणी दारात उभं करत नाही.”

ऑटोने गेलो. लहानशी स्वच्छ खोली, टेबल, पाण्याचा पेला, बशीत चौकोनी बिस्किट. टेबलापलीकडे मतं लिहून घेणारी केतकी. नागपूरची, तुमच्या आईसारखी भरभर बोलणारी.

“या काका! आजींनाही आणलंत? मस्त! आज मसाला फ्लेवर आहे. एक बाइट?”

“आत कोण आहे?”

“तेच, काका. रातकिडे.”

“मग नको.”

“ओके. का नको?” तिने पेन उघडलं.

पुढचा पाऊण तास नागोजीराव बोलत होते. सोंड्यांपासून निघाले ते जुन्या तांदळाच्या वासावर आले, तिथून त्यांच्या गेलेल्या बायकोवर, रुक्माबाईंवर. नवं पोतं फोडलं की त्या मूठभर भात शिजवून आधी यांच्यापुढे ठेवत आणि हे काय म्हणतात ते ऐकायला समोर बसून राहत. “मी मुद्दाम सावकाश जेवायचो,” नागोजीराव म्हणाले.

“मग काकू चिडायच्या?”

“चिडायची! पण उठायची नाही.”

केतकी हसली, पण लिहिणं थांबवलं नाही. मला त्यांचं घर आठवलं. मुलगा आणि सून दोघंही चांगले, पण प्रत्येकाच्या मीटिंगा वेगळ्या, जेवायच्या वेळा वेगळ्या. यांचं ताट ओट्यावर झाकून ठेवलेलं असतं.

ते हात धुवायला गेले तेव्हा मी केतकीला विचारलं, “ते नाहीच म्हणतात, तर दर शनिवारी बोलावतेस कशाला?”

“आजी, नियमच तसा आहे. ज्यांनी खाल्लं त्यांचं काम संपलं. नाही म्हणणाऱ्यांना परत बोलवायचं, मत बदलतं का बघायला. बाकीचे सगळे खाऊन मोकळे झाले. काका एकटेच उरलेत.” तिने आवाज खाली आणला. “आणि आज शेवटचा शनिवार. त्यांना कसं सांगू तेच कळत नाहीये.”

नागोजीराव दारात उभे होते. हातात रुमाल तसाच.

“सरी, बरं तर,” ते म्हणाले आणि खुर्चीत येऊन बसले. “तुझं काम माझ्यामुळे अर्धं राहिलं तर वरचे बोलतील?”

“नाही हो काका...”

“खरं सांग.”

“थोडंसं.”

त्यांनी बिस्किट उचललं, डोळे मिटले आणि अख्खं तोंडात टाकलं. आम्ही दोघी त्यांच्या गळ्याकडे बघत राहिलो. कितीतरी वेळाने ते खाली उतरलं. मग त्यांनी केतकीपुढचा कागद स्वतःकडे ओढला, खिशातलं पेन काढलं आणि शेवटच्या प्रश्नाखाली काहीतरी लिहिलं. इथल्या जुन्या माणसांसारखी नागोजीरावांची मराठीही कन्नड अक्षरांत उतरते. केतकीला ते वाचता येईना. तिने कागद माझ्याकडे सरकवला.

प्रश्न होता, हा पदार्थ पुन्हा खाल का? त्याखाली हो आणि नाही अशा दोन चौकटी. त्या दोन्ही मोकळ्या होत्या. खाली नागोजीरावांनी लिहिलं होतं, ‘एकट्याने नाही.’

मी ते वाचून दाखवलं. केतकी पेन हातात धरून त्या दोन चौकटींकडे बघत बसली.