विहिरीसाठी अकरा हजार निकाल

जाडी पुस्तकं चाळायचे दिवस संपले, असं मन्मथआप्पा वकिलांनी बीडच्या बाररूममध्ये जाहीर करून टाकलं होतं. साल अठ्ठ्याण्णव. आप्पांच्या ऑफिसात नवाकोरा कॉम्प्युटर आला होता आणि पन्नास वर्षांचे निकाल एका चकचकीत सीडीत मावले होते. औरंगाबादला अर्ध्या दिवसाचं शिक्षण घेऊन आलेल्या आप्पांनी स्क्रीनच्या कडेला चिठ्ठी डकवली होती: दोन्ही शब्द हवे असतील तर मध्ये 'अँड', कुठलाही चालत असेल तर 'ऑर', नको त्या शब्दाआधी 'नॉट'. "पसाऱ्यातून नेमके तीन निकाल काढायचे आणि जज्जसाहेबांपुढं ठेवायचे. झालं काम," असं ते येईल त्याला ऐकवत.

पहिली परीक्षा घ्यायला नांदूरघाटच्या वच्छलाबाई आल्या. सामाईक विहिरीवर त्यांची आठवड्यातून तीन दिवस पाण्याची पाळी. पण दीर हरिबाने मोटरीच्या पेटीलाच कुलूप घातलं होतं. कोर्टात तारीख परवाची होती आणि इकडे बाईंच्या मोसंबीची पानं गळायला लागली होती.

"लेकरावानी वाढवलीत झाडं, आप्पा. अजून आठ दिस पानी न्हाई मिळालं तर सरपन हुतंय त्येंचं."

आप्पांना खरंच वाईट वाटलं. "तुमी निवांत बसा. बघा आता गंमत." त्यांनी एका बोटाने विहिरीचा इंग्रजी शब्द टाइप केला, वेल. मशीन बराच वेळ घरघरलं आणि आकडा आला: अकरा हजार तीनशे.

आता इंग्रजीत निकाल लिहिणारा जज्ज 'इट इज वेल सेटल्ड' लिहिल्याशिवाय पेन खाली ठेवत नाही. हे तर ठरलेलंच आहे, असं त्याला म्हणायचं असतं. तो वेल आणि पाण्याचा वेल मशीनला सारखेच. आप्पा आकड्याकडे बघत राहिले.

"किती निघाले?" बाईंनी विचारलं.

"अकरा हजार," आप्पांच्या तोंडून निघून गेलं.

"समदे इहिरीचे?"

"तसं इहिरीचेच म्हना. पन त्यातले..."

पुढचं ऐकायला बाई थांबल्याच नाहीत. त्यांना चारची एसटी गाठायची होती.

आप्पांनी मग 'अँड' लावून पाळीचा शब्द जोडला, टर्न. नऊ हजार उरले, कारण 'इन टर्न', म्हणजे 'पर्यायाने', हेसुद्धा जज्जांचं लाडकं. शेवटी वैतागून त्यांनी 'नॉट सेटल्ड' टाकलं आणि बरोब्बर तीन निकाल उरले. आप्पांनी खुशीत चहा मागवला आणि वाचायला बसले. पहिल्यात साक्षीदाराची तब्येत 'वेल' नव्हती, दुसऱ्यात जीपने भलताच 'टर्न' घेतला होता आणि तिसरा एका कारकुनाच्या बदलीचा होता. विहिरींचे खरे निकाल देणाऱ्या जज्जांनीही 'वेल सेटल्ड' लिहिलेलंच होतं, त्यामुळे एका 'नॉट'ने तेही सगळे बाहेर गेले होते. हे ध्यानात येईपर्यंत चहा गार झाला आणि नंतर तर वीजही गेली, ती दुसऱ्या दिवशीही आली नाही.

तारखेला आप्पा तेच तीन कागद फायलीत घालून, बाईंची नजर चुकवत कोर्टात शिरले. बघतात तर व्हरांड्यात हरिबा हात जोडून उभा आणि पेटीची किल्ली वच्छलाबाईंच्या मुठीत.

"आप्पा, मिटवून टाका. वैनीची पाळी वैनीला. लिहून घ्या," हरिबा म्हणाला.

आप्पांची छाती फुगली. "अकरा हजार निकालांपुढं कुनाचं काय चालतंय, हरिबा."

"निकालाला कोन भितंय? पन वैनी गावभर सांगत हुती, अकरा हजार निघाले म्हनून. तेवढे वाचायला जज्जसाहेबाला धा साल लागतेल. तवर कोर्टानं मोटरीला सील ठोकलं तर माजा ऊस जळून जाईल की." हरिबाने टोपी सारखी केली. "तीनच असते ना, तर लढलो असतो."

आप्पांनी काखेतली फाईल जरा घट्ट धरली आणि तडजोडीचा अर्ज लिहायला घेतला.