खालच्या मजल्यावरचा दुसरा आवाज

सबनीस काकांनी आयुष्यात एकही गाणं त्याच्या चालीत म्हटलेलं नाही. त्यांना सूर कळत नाही असं नाही, उलट नको इतका कळतो. पण ते फक्त दुसरा आवाज गातात. म्हणजे मूळ चाल वरून जात असेल, तर हे खालून तिच्याबरोबर चालणार. पहिला आवाज हजर असो वा नसो. त्यामुळे काका जिन्यात गुणगुणत असले, की एखाद्या ओळखीच्या गाण्याची सावली तेवढी ऐकू येते. गाणं कुठलं, ते आपण ओळखायचं.

जपानात, सेंदाईत आल्यावर आमच्या पहिल्याच गणपतीत मी त्यांना ऐकलं. मराठी मंडळी जेमतेम तीस. आरती रंगात आलेली आणि मागून एक जाड आवाज शांतपणे भलतंच काही गातोय. शेवटी एका भल्या गृहस्थाने मागे वळून सांगितलं, "काका, तुमचा सूर लागत नाहीये."

"लागलाय," काका म्हणाले. "तुमच्या खाली लागलाय."

पुढे कळलं, की भालचंद्र सबनीस हे आमच्याच इमारतीत, आमच्या बरोबर खालच्या घरात राहतात. मूळचे मिरजेचे. धातूंवर संशोधन करायला ऐन तिशीत आले, विद्यापीठात राहिले, निवृत्त झाले, लग्न करायचं राहून गेलं. जपानी सहकारी त्यांना साबुनिसु-सान म्हणत. "चाळीस वर्षं माझ्या नावाला फेस आणलाय यांनी," असं ते सांगत.

त्यांच्या घरात बसायला एकच खुर्ची आणि चारी भिंतींना तबकड्या. सगळ्या साठच्या दशकातल्या, सगळ्या जपानी आणि सगळ्या जोड्यांच्या. दोन भाऊ, दोघी बहिणी, नवरा-बायको, झालंच तर एकाच गिरणीतले दोन कामगार. एकट्याने गाणारा माणूस काकांच्या लेखी 'अर्धवट'. थोरामोठ्यांची नावं घेऊन बघा. काका ऐकून घेणार आणि हळहळून म्हणणार, "आवाज देवाने दिलेला. पण अर्धवट."

"तुला सांगतो," पहिल्या भेटीत त्यांनी माझा वर्ग घेतला, "त्या काळी इथल्या पोरांना आजीची गाणी नको झाली होती. मग या जोड्या आल्या. गाणं आजीचंच. फक्त गिटार लावली, एक आवाज वर, एक खाली, आणि दोघांच्या अंगात एकसारखे कोट. पोरं नाचायला लागली! आज्यापण!"

"आज्या नाचल्या?"

"असणार. पुरावा नाही."

एका शनिवारी मी गॅलरीत कपडे वाळत घालत होते. हात कामात असले की मी गाते. खालून हाक आली, "ए वरची! तू पहिला आवाज आहेस!"

मला वाटलं कपड्यांचं पाणी पडलं असेल. पण नाही, माझी निवड झाली होती. दिवाळीच्या कार्यक्रमात आम्ही दोघं त्यांच्या आईच्या वेळचं शेवंतीच्या वेणीचं एक गाणं साठच्या दशकाच्या थाटात नव्या पिढीपुढे आणणार होतो. नवी पिढी म्हणजे माझी नऊ वर्षांची इरा आणि तिच्यासारखी नऊ-दहा पोरं. त्यांना मराठीत विचारलं की जपानीत उत्तर देतात आणि जपानीत विचारलं की मोबाईलमधून मानच वर काढत नाहीत.

"काका, मी पोस्टडॉक आहे. माझा पेपर अडकलाय."

"पेपर एकटीने लिहितेस?"

"नाही, चौघं आहोत."

"मग तिघांना लिहू दे."

इमारतीत मोठ्याने गायची बंदी, म्हणून दर शनिवारी दुपारी आम्ही कराओकेची खोली घ्यायचो. यंत्रात मराठी गाणं कुठून असणार! काका ते बंद करायला लावत आणि टेबलावर हाताने ताल धरत. काउंटरवरची मुलगी दर वेळी वाकून विचारायची, यंत्र बिघडलंय का? काका तितकंच वाकून सांगायचे, यंत्र ठीक आहे, अर्धवट आहे. जुन्या कपड्यांच्या दुकानातून त्यांनी दोन मोहरीच्या रंगाचे कोट आणले. त्यांचा त्यांना पोटावर लागेना. माझा माझ्या गुडघ्यापर्यंत आला. नवऱ्याने फोटो काढून सासूबाईंना पाठवला. त्यांचं उत्तर अजून आलेलं नाही.

दिवाळीच्या कार्यक्रमाला सभागृह भरलं होतं. पहिलं कडवं झकास गेलं. दुसऱ्या कडव्यात मात्र काकांचा आवाज माझ्या कानात इतका घट्ट बसला, की मी घसरले ती थेट त्यांच्या ओळीत. आता वर कोणीच नाही आणि खाली दोघं. मी डोळ्यांनी विनवलं, काका, तुम्ही वर जा! काकांच्या चेहऱ्यावर, भर रस्त्यात कोणी धोतर सोडायला सांगितल्यासारखा भाव. त्यांनी साफ नकार दिला आणि आम्ही शेवटपर्यंत दुसरा आवाजच गायलो, दोघंही, तन्मयतेने.

मग पोरांनी एकच गलका केला, "याबाई! याबाई!" हा पोरांचा लाडका जपानी शब्द. पहिल्या रांगेत पुण्याहून लेकाकडे आलेल्या एक आजी होत्या. त्यांना वाटलं, "या, बाई!" म्हणून बोलावतायत. त्या पदर सावरत उठल्या आणि स्टेजवर आल्या. मग सभागृह जे हसायला लागलं, ते फराळापर्यंत.

"इरा, याबाई म्हणजे वाईट ना?" घरी येताना मी विचारलं.

"भयंकर. पण भारीलापण म्हणतात."

"मग आज?"

"आज दोन्ही," ती म्हणाली. चक्क मराठीत.

काका मात्र त्या दिवशी माझ्याशी बोलले नाहीत. आठवडाभर जिन्यातही गुणगुणणं नाही. मला चुटपुट लागली. रविवारी सकाळी अकराला मी कोट परत करायच्या निमित्ताने खाली गेले. दार उघडंच होतं. काका टेबलाशी बसले होते, समोर टॅबलेटवर पांढऱ्या केसांची, जाड चष्म्याची एक बाई. काकांनी मला हातानेच आत बोलावलं.

"कार्यक्रम कसा झाला रे, भाल्या?" बाई विचारत होत्या.

"उत्तम, तायडे. लोक उठून स्टेजवर आले."

"खोटारडा. चल, शेवंती म्हणू."

त्यांची थोरली बहीण. मिरजेत एकटी राहते, एवढंच मला माहीत होतं. ती वरचा आवाज गायला लागली आणि काका खालचा. मी दारातच थिजले. काहीही जुळत नव्हतं. काका एक पूर्ण मात्रा पुढे, ती मागून येतेय. कराओकेत टेबलावर घड्याळासारखा ताल धरणारा हा माणूस, मी कार्यक्रमात केलं त्यापेक्षा वाईट गात होता. आता वय झालं, असं मनात आलं.

गाणं संपलं. तायडी खुशीत होती. "आज कसं एकजीव झालं! पूर्वी फोनवर किती मागे पडायचास. सत्तरीत का होईना, तालात आलास बाबा. थांब, पाणी पिऊन येते."

काकांनी आवाज बंद केला. माझा चेहरा वाचला असावा.

"आवाज जायला-यायला वेळ लागतो," ते म्हणाले. "तिचं ऐकून मी गायलो, तर तिला उशिरा पोचतं. दोन वर्षं म्हणत होती, भाल्या, तू मागे पडतोस, आता नको गाऊया. ती गायची थांबली असती. मग मी मोजून काढलं. एक मात्रा आधी निघायचं. म्हणजे मिरजेत बरोबर पोचतो."

"पण मग तुम्हाला?"

"मला काय?"

"तुम्हाला जुळलेलं कधीच ऐकू येत नाही?"

काकांनी चष्मा काढून सदऱ्याला पुसला. "तिला येतं," ते म्हणाले. "सांगू नकोस हं तिला. ओशाळेल."

तायडी परत आली होती. पडद्यावर तिचे ओठ हलत होते, "भाल्या? गेलास का?" काकांनी घाईने आवाज सुरू केला.

"आहे, आहे. मोज."

तिने मांडीवर थाप देत मोजायला सुरुवात केली. एक, दोन, तीन. चार यायच्या आतच काका डोळे मिटून, पलीकडे कोणी गात नसताना, एकटेच गायला लागले.