पूजा केलेलं कार्ड

"परदेशात रोकड कशी काढायची, हे अख्ख्या इंदापूर तालुक्यात एकट्या मला ठाऊक हाय!" असं सावळारामतात्यांनी अंथुर्ण्याच्या चहाच्या टपरीवर जाहीर केलं, तेव्हा त्यांनी परदेश सोडाच, विमानसुद्धा आतून पाहिलेलं नव्हतं.

निमित्त होतं व्हिएतनामच्या सहलीचं. तात्यांना धरून गावातले अकरा बागायतदार ड्रॅगनफ्रूटच्या बागा बघायला निघाले होते. महिनाभर तात्यांनी बारामतीतल्या बँकेचा उंबरा झिजवला. तिथल्या प्रगती मॅडम त्यांना दारात पाहिलं की आपल्याच डोक्याला बाम लावायच्या. डाळिंबाची रोपं निवडताना केली नसेल एवढी चौकशी तात्यांनी कार्डासाठी केली. साधं डेबिट कार्ड? दर खेपेला वेगळे पैसे कापतात. बाद! क्रेडिट कार्ड? रोकड काढली की त्याच दिवसापासून व्याज. बाद! शेवटी आधीच डॉलर भरून ठेवायचं ट्रॅव्हल कार्ड पसंत पडलं.

"तात्या, अडीअडचणीला आणखी एक कार्ड जवळ असू द्या," मॅडम म्हणाल्या.

"कशापायी? एवढं पारखून घेतलंय की!"

एवढ्यावर थांबतील तर ते तात्या कसले! त्यांनी सगळ्यांना बजावलं, "कुणी पैसं घिऊ नका. तिथली रोकड मी काढणार. आन मशीननं रुपयात हिशेब करू का म्हणून इचारलं, तर न्हाय म्हणायचं. त्यातच लुबाडत्यात!"

"आन तुमचं कार्ड चाललंच न्हाय तर?" मोहनरावांनी विचारलं. त्यांचा बांध तात्यांच्या बांधाला लागून होता, त्यामुळं शंका काढायचा त्यांना वडिलोपार्जित हक्क होता.

"न्हाय चाललं तर मिशी उतरवीन!"

ती मिशी तात्या लग्नाच्या आधीपासून जपत होते.

निघायच्या दिवशी तात्यांच्या बायकोनं, छबूबाईंनी, कार्ड पाटावर मांडलं. या घरात ट्रॅक्टर आला, पूजा झाली. पाण्याची मोटार आली, पूजा झाली. मग कार्डानंच काय घोडं मारलं होतं? हळद-कुंकू चांगलं पाण्यात कालवून लावलं, अक्षता टाकल्या, नारळाचं पाणी शिंपडलं.

"पुसू नगा बरं का, शकुनाचं असतंय," छबूबाई म्हणाल्या. तात्यांनी कार्ड तसंच बंडीच्या चोरखिशात ठेवलं.

व्हिएतनामात पहिले तीन दिवस जेवण सहलीतच होतं. चौथ्या दिवशी एका बाजारगावात मंडळींनी एका बाईच्या खानावळीत शेवयांच्या रश्शाचे वाडगे रिकामे केले. तिथं फक्त रोख चालायची. तात्या ऐटीत उठले. एटीएमचं मशीन रस्त्यापलीकडं समोरच होतं.

मशीननं कार्ड घेतलं आणि परत दिलं. पुन्हा घातलं, पुन्हा परत!

मागून मोहनराव आलेच. "रुपयात का म्हणून इचारलं का त्यानं?"

"आवो, अजून कायबी इचारलं न्हाय!"

मग एकेक जण सल्ला द्यायला उठला. "फुंकर मारा!" "उलटं घाला!" "जरा दमानं घाला, आपलं न्हाय त्ये!" गिऱ्हाइकं एकामागून एक रस्ता ओलांडतायत म्हटल्यावर खानावळवालीला वाटलं, ही टोळी पैसे बुडवून पळतेय! ती डाव घेऊन धावत आली, हाताला लागलेल्या मोहनरावांची बाही धरली आणि त्यांना नेऊन स्टुलावर बसवलं. मोहनराव ओलीस होते, पण खुशीत होते. तिथूनच ते तात्यांना बोटांची कात्री करून दाखवत होते.

तात्यांनी बारामतीला फोन लावला.

"तात्या, कार्डावरची सोनेरी चिप स्वच्छ आहे ना?" प्रगती मॅडमनी विचारलं.

तात्यांनी पाहिलं. चिप दिसतच नव्हती! तिच्यावर हळद-कुंकवाचा पापुद्रा बसला होता, चार दिवसांच्या घामानं पक्का झालेला, आणि वर अक्षतेचा एक दाणा. तात्यांनी सगळ्यांकडे पाठ केली, मनातल्या मनात देवाची माफी मागितली आणि ओल्या रुमालानं चिप पुसली.

मशीन घरघरलं. रुपयात का, असंही त्यानं विचारलं. "न्हाय!" तात्या एवढ्या जोरात ओरडले की खानावळवालीच्या हातातला डाव पडला. नोटा बाहेर आल्या.

"काय झालतं वो?" मंडळींनी विचारलं.

"सर्व्हर डाऊन हुता," मिशीवरून हात फिरवत तात्या म्हणाले.

गावी मात्र वेगळीच बातमी पोचली होती. ओलीस बसल्या बसल्या मोहनरावांनी बायकोला, फुलाबाईंना, फोन केला होता. फुलाबाई धावत छबूबाईंकडे गेल्या, छबूबाईंनी देवापुढं दिवा लावला, आणि त्याच मिनिटाला तिकडं नोटा आल्या! दोघींनी वेळसुद्धा ताडून पाहिली. छबूबाईंनी पूजलेलं कार्ड साता समुद्रापार चालतं, हे गावानं मान्य करून टाकलं.

पुढच्या सहलीची मंडळी घरी आली, तेव्हा तात्या इस्त्रीचा सदरा घालून ओसरीवर बसले होते. तिन्ही कार्डांवरचं भाषण तयार होतं.

"तात्या, जरा सरका. छबूकाकू हायत का? कार्ड पूजायचंय."

खरं सांगावं, तर मिशी जाणार. म्हणून तात्या आता दारातच बसतात. आत हळद-कुंकू लागतं, बाहेर ओला रुमाल फिरतो.

"ह्ये काय वो तात्या?"

"पूजेतलंच हाय. शेवटचा इधी."

यंदा मोहनराव जोडीनं थायलंडला निघालेत. काल तेही पूजलेलं कार्ड घेऊन बाहेर आले. ते पुसावं की तसंच जाऊ द्यावं, याचा तात्यांनी बराच वेळ विचार केला.