आकाश निरभ्र असल्यास सहल रद्द

डोंगर आपोआप दिसत नसतो. तो दाखवावा लागतो. ज्याला हे पटत नसेल त्याने एकदा गाइड न घेता डोंगराळ मुलखात जाऊन यावं. त्याला झाडं दिसतील, दगड दिसतील, संध्याकाळी स्वतःच्या टाचेला आलेले फोड दिसतील. डोंगर दिसणार नाही. त्यासाठी हातात पिवळं निशाण घेतलेली एक बाई लागते आणि तिने दुसरा हात वर करून ‘हा पाहा’ असं म्हणावं लागतं.

हे मी अधिकारवाणीने सांगतो आहे, कारण मिसागावा शहर व परिसर दर्शन बस संस्थेत मी एकोणीस वर्षं सहल विभागाचा उपप्रमुख आहे. आमची एक दिवसाची सहल रोज सकाळी सात बावन्नला स्टेशनसमोरून सुटते. (सात त्रेपन्नला धापा टाकत आलेल्या प्रवाशांना दुसऱ्या दिवशीच्या सहलीचे पहिले प्रवासी मानून त्यांचं अभिनंदन केलं जातं.) नऊ तासांच्या या सहलीची विभागाने शास्त्रीय पाहणी केली आहे. प्रवासी दोन तास चाळीस मिनिटं बसमध्ये झोपतात. एक तास पस्तीस मिनिटं कचेरीतल्या सहकाऱ्यांसाठी मिठाईचे खोके निवडतात, कारण मिठाई न आणता सहलीहून परतलेला माणूस आमच्याकडे पुन्हा रजेचा अर्ज करू धजत नाही. पंचावन्न मिनिटं स्वच्छतागृहाच्या रांगेत जातात. चाळीस मिनिटं शहरातला किल्ला. (मूळ किल्ला जळाला. हा सिमेंटचा आहे आणि त्याला लिफ्ट आहे. जुन्या किल्ल्यात लिफ्टची सोय नव्हती, हे गाइडने प्रांजळपणे कबूल करायचं असतं.) बारा मिनिटं कुरामिने पर्वत. उरलेला वेळ प्रवासी मोजण्यात जातो.

या बारा मिनिटांसाठीच लोक येतात. कुरामिने शहरातून दिसत नाही, कारण मध्ये एक टेकडी आडवी येते. तो दिसतो फक्त ओनाकी घाटाच्या माथ्यावरून, आणि घाटाच्या माथ्यावर धुकं असतं. गेल्या वर्षी तीनशे पासष्टपैकी तीनशे सेहेचाळीस दिवस धुकं होतं. उरलेल्या एकोणीस दिवशी आकाश स्वच्छ होतं आणि पर्वत मुळापासून शेंड्यापर्यंत लख्ख दिसत होता. त्या एकोणीसही दिवशी संस्थेने सहल रद्द केली.

नियम क्रमांक चौदा तसाच आहे. ‘घाटमाथ्यावर आकाश निरभ्र असल्यास प्रतिकूल हवामान समजून सहल रद्द करावी व प्रवाशांना मुळ्याच्या लोणच्याचा कारखाना दाखवावा.’ बाहेरच्या माणसाला हा नियम विचित्र वाटतो. बाहेरच्या माणसाला संस्था म्हणजे काय हेच कळलेलं नसतं.

त्याचं असं झालं. छत्तीस वर्षांपूर्वी फुसाए होसोई नावाची बावीस वर्षांची मुलगी गाइड म्हणून रुजू झाली. पहिल्याच दिवशी संस्थेचे तेव्हाचे अध्यक्ष, कै. निशिवाकीसाहेब, स्वतः बसमध्ये बसले होते. गाइडचं भाषण छापील असतं आणि त्यातला एक शब्दही बदलायचा नसतो. त्यात वाक्य होतं, ‘बसच्या उजव्या हाताला कुरामिने’. त्या दिवशी बर्फामुळे ड्रायव्हरने बस उलट्या तोंडाने लावली. बाई भाषणाला जागल्या. दाट धुक्यात त्यांनी बसच्या उजव्या हाताला, म्हणजे पूर्वेला, हात केला. पर्वत पश्चिमेला होता आणि आहे.

सगळी बस त्या दिशेला वळली. निशिवाकीसाहेबांनी टोपी काढली आणि पूर्वेच्या धुक्याला कमरेत वाकून नमस्कार केला.

प्रकरण इथेच संपलं. एकदा अध्यक्ष जिकडे वाकले, ती दिशा चुकीची म्हणायची तर अध्यक्ष चुकीचं वाकले असं म्हणावं लागणार, आणि तसं म्हणायचं कोणी? दुसऱ्या दिवशीपासून बस कायमची उलटी उभी राहू लागली. तिसऱ्या वर्षी पूर्वेकडे तोंड करून दर्शन-चौथरा बांधला. पुढे बाकं आली, दुर्बीण आली, साहेब गेल्यावर त्यांच्या स्मरणार्थ शिळा आली. शिळेवर त्यांचेच शब्द कोरले आहेत: ‘तो आहेच.’ जवळच्या हलवायाने कुरामिनेच्या आकाराची मिठाई काढली. चौथऱ्यावरून डोंगर जसा दिसतो तशीच ती बनवायची या सचोटीपायी तिला धुक्याचा आकार आहे, म्हणजे कसलाच नाही. खप उत्तम आहे.

खरी दिशा गावातल्या कुत्र्यालासुद्धा ठाऊक आहे. पण कुत्रं संस्थेचं सभासद नाही. प्रवाशांपैकी फक्त एकाने, ओसाकाच्या एका गृहस्थांनी, फोनमधल्या होकायंत्रात बघून शंका काढली होती. मग आजूबाजूचे सगळे हात जोडून उभे आहेत हे लक्षात आल्यावर त्यांनी आपला फोन बिघडल्याबद्दल संस्थेची लेखी माफी मागितली. ती आम्ही मोठ्या मनाने स्वीकारली.

वार्षिक सभेत विषय क्रमांक सात ‘दिशा’ हा असतो. तो दर वर्षी वेळेअभावी पुढे ढकलला जातो. सभा साडेअकराला संपते आणि जेवण बाराला असतं; मधला अर्धा तास सगळे भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत शांत बसतात.

विषय दर वर्षी कोण मांडायचं? होसोईबाईच. चूक कबूल करायला त्या पहिल्याच संध्याकाळी निघाल्या होत्या, पण त्यांच्या वरिष्ठांनी त्यांना ‘पोरी, साहेबांना खोटं पाडतेस?’ असं विचारून परत पाठवलं. मग छत्तीस वर्षं, आठवड्यातून पाच दिवस, त्या धुक्याकडे हात करत राहिल्या. त्यांचा आवाज इतका गोड की माणसाला भिंत दाखवली तरी त्याला पलीकडे हिमशिखर दिसावं. यंदा ऑक्टोबरअखेर त्या निवृत्त व्हायच्या होत्या. आदल्या आठवड्यात त्या माझ्या टेबलाशी येऊन उभ्या राहिल्या.

"साहेब, एक मागणं आहे."

"निरोपाला फुलं कुठली हवीत, तेच ना? शेवंती सांगितली आहे."

"फुलं राहू द्या हो. शेवटच्या फेरीला एकदाच, एकदाच बरं का, मला खऱ्या डोंगराकडे हात करू द्या. धुकं असलं तरी चालेल. कुणाला दिसणार आहे? पण हात तर बरोबर जाईल."

"बाई, विषय सात सभेपुढे प्रलंबित आहे."

"छत्तीस वर्षं प्रलंबित आहे! मी गेले की तुम्ही तो विषयच काढून टाकाल."

(ते खरं होतं. पुढच्या वर्षीची विषयपत्रिका छापून झाली होती.)

"माझी सही नव्या नियमावर पडत नाही," मी म्हणालो, "जुन्यावरच पडते."

बाईंनी वाकून नमस्कार केला आणि गेल्या. त्या दिवशी मला जेवण गेलं नाही. मी ते लोणच्यावर ढकललं.

शेवटच्या फेरीला हवामान खात्याने पूर्ण धुक्याची हमी दिली होती. बसमध्ये एकेचाळीस प्रवासी होते. मी प्रशस्तिपत्र आणि शेवंती घेऊन पुढच्या सीटवर बसलो होतो. माझ्यामागे तोकुमित्सु नावाचं वयस्कर जोडपं होतं, आणि त्यातल्या बाई किल्ल्यापासून बोलत होत्या.

"मेली लिफ्टच बघायची होती तर आपल्या दवाखान्यात काय वाईट होती?"

"हळू बोल. साहेब पुढे बसलेत."

"बसू देत. पंचेचाळीस वर्षांत मला एक डोंगर दाखवला नाहीत. आज तरी दिसतोय का बघते."

अकरा वीसला आम्ही माथ्यावर पोचलो. धुकं चोख होतं. कठड्यापलीकडचं काही दिसत नव्हतं. प्रवासी पूर्वेकडे तोंड करून चौथऱ्यावर उभे राहिले. त्यांच्यासमोर कठड्याला पाठ लावून, त्यांच्याकडे तोंड करून होसोईबाई. प्रवाशांच्या मागे संस्थेचे फोटोग्राफर काजितानी आपल्या कॅमेऱ्याचं तिकाटणं लावत होते, कारण दर्शनानंतर लगेच स्मृतिचित्राचा कार्यक्रम असतो: प्रवाशांनी जागच्या जागी मागे वळायचं, त्यांच्या पाठीशी पर्वत असतो (असं मानलं जातं) आणि फोटो निघतो. मी काजितानींच्या शेजारी उभा होतो.

बाईंनी भाषण सुरू केलं. ‘उजव्या हाताला’ इथपर्यंत आल्या आणि हात वर गेला. तेवढ्यात वारा सुटला.

धुकं असं निघून गेलं, जसं कोणी झोपलेल्या माणसाच्या अंगावरची गोधडी ओढावी. पूर्वेला, जिथे छत्तीस वर्षं लोकांनी हात जोडले होते, तिथे एक बुटकी टेकडी होती, अर्धी दगडखाणीने खाल्लेली, आणि तिच्यावर एक पिवळं यंत्र माती उपसत होतं. एकेचाळीस माणसं त्याच्याकडे बघत राहिली. मग पुढच्या रांगेतले एक गृहस्थ गंभीरपणे म्हणाले, "वा. भव्य." त्यांच्यामागोमाग सगळेच "वा, वा" म्हणाले आणि काहींनी यंत्राला नमस्कार केला.

बाई मात्र यंत्राकडे बघत नव्हत्या. त्यांचं तोंड आमच्याकडे होतं, पश्चिमेकडे. आमच्या डोक्यांवरून त्या वर कुठेतरी बघत होत्या आणि त्यांच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं. नोकरीवर असताना त्यांना कुरामिने पहिल्यांदा दिसत होता. बाकी प्रत्येक स्वच्छ दिवशी आम्ही त्यांना लोणच्याच्या कारखान्यात पाठवलं होतं.

"मागे वळा," त्या म्हणाल्या. हे भाषणात नव्हतं. "कृपा करून सगळे मागे वळा आणि बघा."

आमच्या माणसांना काय वाटलं असेल? बाईमाणूस निरोपाच्या दिवशी रडते आहे, रडताना कोणी बघू नये म्हणून सगळ्यांना पाठ करायला सांगते आहे. एकेचाळीस सभ्य माणसं तत्काळ मागे वळली आणि सभ्यपणे माना खाली घालून आपापल्या बुटांकडे बघत उभी राहिली. समोर नऊ हजार फुटांचा पांढराशुभ्र पर्वत, आणि एकेचाळीस जण नाड्या तपासताहेत.

"वर बघा हो!" बाईंचा आवाज फाटला. कोणी वर बघेना. रडणाऱ्या माणसाने सांगितलं म्हणून लगेच कोणी वर बघतं का?

मीही वळलो नाही. पर्वत माझ्या पाठीशी होता. नुसती मान फिरवायची होती. पण उपप्रमुखाने मान फिरवणं म्हणजे विषय क्रमांक सातवर मत दिल्यासारखं झालं असतं. याची मला आजही लाज वाटते.

वाचवलं ते काजितानींनी. त्यांना ना पर्वत दिसला होता ना अश्रू. त्यांना दिसलं ते एवढंच, की प्रवासी वळून रांगेत उभे आहेत आणि माना खाली आहेत. छापील सूचना त्यांच्याही असतात. त्यांनी ओरडून सांगितलं, "स्मृतिचित्र! सर्वांनी माना वर!"

ही अधिकृत सूचना होती. एकेचाळीस माना एकदम वर झाल्या.

मी फक्त चेहरे पाहिले. भव्य म्हणणाऱ्या गृहस्थांचं तोंड उघडंच राहिलं. तोकुमित्सुबाईंनी नवऱ्याची बाही घट्ट धरली. सगळ्यांच्या मागे होसोईबाई, हात समोर ताणलेला, बोट सरळ. कळ दाबली गेली.

"शी! तोंडं मिटा की!" काजितानी वैतागले. "हसायचंय, आ वासायचा नाहीये. पुन्हा!"

पुन्हापर्यंत चार मिनिटं गेली आणि धुकं परत आलं. दुसरा फोटो उत्तम निघाला. सगळे हसत आहेत, मागे पांढरं धुकं आहे. तोच नियमाप्रमाणे प्रवाशांना पाठवण्यात आला. अभिप्रायाच्या कागदावर ‘पर्वत कसा दिसला?’ याला ‘सुंदर’ आणि ‘अतिसुंदर’ असे दोनच पर्याय आहेत. एकेचाळीस ‘अतिसुंदर’ आले, रोजच्यासारखेच. तोकुमित्सुबाईंनी खाली लिहिलं होतं, ‘लोक दाखवतात तिकडे नव्हता.’ तो शेरा मी विषय क्रमांक सातला जोडला आणि सात पुन्हा विषयपत्रिकेत घातला. वेळेअभावी तो पुढे ढकलला गेला.

पहिला फोटो ‘मुद्रा अयोग्य’ असा शिक्का मारून बाद झाला. त्याच्या मी दोन प्रती काढल्या. एक होसोईबाईंना दिली. त्यांनी ती बराच वेळ पाहिली आणि म्हणाल्या, "हात बरोबर गेला, साहेब." दुसरी माझ्या खणात आहे. येईल त्याला मी ती दाखवतो आणि तो हसतोच: मागे दगडखाण, पुढे आ वासलेली माणसं, डोंगराचा पत्ता नाही.

तुम्हीही हसलात. हरकत नाही. आता तुमचा फोन काढा आणि तुमच्या मागच्या सहलीचा फोटो बघा. डोंगर अगदी स्पष्ट आला आहे, मान्य. त्याच्याकडे पाठ करून हसत कोण उभं आहे, तेवढं सांगा.