इब्राहिमभाईंचं खलास

डाळीत मीठ जास्त झालं, की आमच्या सौदीतल्या रास अल खैरच्या कँपातले इब्राहिमभाई थेट पिरॅमिडवर चढायचे. "इजिप्तवाले तिकडं दगड रचत होते ना, त्याच टायमाला आपले लोक इकडं गटारं बांधत होते. मीठ दोन्हीकडं जास्तच पडायचं." यातलं मीठ त्यांचं स्वतःचं, बाकी सगळं टीव्हीवरचं.

माणूस दाभोळचा, धंद्यानं पाइप फिटर. पण एकट्या संस्कृतीबद्दल बोलणं त्यांना पाप वाटे. सुमेरियाचं नाव काढलं, की मागोमाग सिंधू, इजिप्त, चीन, सगळं वऱ्हाड उतरायचं. सौदीकरण आलं, आमच्या जागांवर सौदी माणसं यायला लागली, तेव्हा आमची पाचावर धारण बसली. भाई म्हणाले, "मोहेंजोदडोतनं अख्खं गाव गेलं. त्यांना कुठल्या कंपनीनं तिकीट दिलं होतं?"

नवा सौदी सुपरवायझर फहाद हुफूफचा, म्हणजे खजुराच्या गावचा. भाईंनी पहिल्याच दिवशी त्याला धरलं. "तुझे खापरपणजे आमच्या खापरपणज्यांना जहाजानं खजूर पाठवायचे. बंद का केलंत?" फहाद पोट धरून हसला. मग काम बाजूला आणि दोघांच्या गप्पाच चालायच्या.

एका गुरुवारी सुट्टीला घरी निघताना फहाद गाडीतूनच मोडक्या हिंदीत म्हणाला, "इब्राहिम, संडे को तुम्हारा खलास."

अरबीत खलास म्हणजे आपल्याकडं जे, तेच. भाईंचा चेहरा उतरला. इकामाची, म्हणजे तिथं राहायच्या परवान्याची, मुदत संपतच आली होती. त्यांनी बॅग भरली, इस्त्री मला देऊन टाकली आणि घरी हलीमाभाभींना फोन केला. दोन दिवस त्यांच्या तोंडून एकही पिरॅमिड निघाला नाही. मला करमेना, खोटं कशाला बोलू?

रविवारी फहाद आला तो भलामोठा डबा घेऊन. हुफूफच्या सगळ्यात नामी खजुराचं नावच खलास. "माल भेजना फिर से शुरू," तो म्हणाला.

"आणि इकामा?" मी विचारलं. फहादनं सांगितलं, तो तर कधीच रिन्यू झाला होता.

कँप हसून लोळला. मी म्हटलं, "भाई, नोकरी वाचली. तोंड गोड करा."

भाई डबा मांडीवर घेऊन बसून राहिले. "हलीमाला सांगितलं ना, कायमचा येतोय म्हणून. इतकी वर्षं फोनवर रडायची. परवा हसली रे. पडवीत माझी खाट टाकून घेतलीय म्हणाली."

त्यांनी मोबाइल माझ्या हातात दिला.

"तूच सांग तिला. माझ्याच्यानं नाही व्हायचं."