हलीमाखाला आणि वर्तणुकीचा रकाना

बाळंतिणीच्या खोलीत आमच्या दाईसमोर, हलीमाखालासमोर, एक प्रश्न विचारायला सक्त मनाई होती. "बाळ कोणावर गेलंय?" असं कुणी म्हटलं, की खाला हातातलं गरम पाण्याचं भांडं खाली ठेवायची आणि विचारणाऱ्याला दंडाला धरून बाहेर काढायची. मग ती बाळाची सख्खी आजी का असेना.

माझ्या मुलीच्या वेळी ही पाळी माझ्या आईवर आली. आईनं दुपट्यात डोकावून हौसेनं म्हटलं, "नाक अगदी माझ्या सासऱ्यांचं हो!" पुढच्या क्षणी आई ओसरीवर माझ्या शेजारी उभी. आतून खालाचा आवाज: "लेकरानं अजून धड डोळे उघडले न्हाईत, अन् तुमी त्याच्या डोक्यावर म्हाताऱ्याचं गठुडं ठिवायला लागल्या!"

वडिलांना पत्रिकेसाठी जन्मवेळ हवी होती, तीही मिनिटासकट. खाला म्हणाली, "भाऊसाब, मी लेकराकडं बगायलते. घड्याळाकडं तुमी बगायचं हुतं." शेवटी वडिलांनी अंदाजपंचे वेळ धरली. ज्योतिष्यानं सांगितलेलं एकही भाकीत अजून खरं झालेलं नाही, याचं श्रेय मी खालालाच देतो.

नोकरीनिमित्त मी आलो तेव्हापासून पूर्णा जंक्शनच्या मागच्या गल्लीत आमची घरं समोरासमोर. खाला साठीची, काटकुळी, आवाज मात्र इंजिनच्या शिट्टीला झाकून टाकणारा. सरकारी दवाखान्यातून मिळालेली पत्र्याची पेटी काखोटीला मारून ती निघाली, की अर्धं गाव वाट सोडायचं. उरलेलं अर्धं तिनं जन्माला घातलेलं असल्यामुळं आदरानं उभं राहायचं.

तिचा एक लाडका शब्द होता, फितरत. आपण तो शब्द माणसाला नावं ठेवायला वापरतो. 'त्याची फितरतच तसली,' म्हणतो. खालाच्या लेखी ती वरून मिळालेली देणगी होती. देव प्रत्येक लेकरू स्वच्छ, सरळ मनाचं करून धाडतो, ते म्हणजे फितरत. "मागून आपुन त्याला काय बी करतो," ती म्हणायची. "पन येताना ते साफ येतं. मी साक्षीदार हाय. मौलवीसाब बी न्हाईत, बामन बी न्हाई. मी!"

विद्यापीठाच्या नामांतराचा वाद पेटला होता त्या दिवसांत या वस्तीचं माणूस त्या वस्तीत पाऊल टाकत नव्हतं. खाला दोन्हीकडं जायची. एकदा चौकात चार तरुणांनी तिला अडवलं. "कोणाच्या घरी निघालीस?"

"ज्याच्यासाटी निघाले त्यो अजून जल्मला न्हाई," खाला म्हणाली. "आला की इचारते, बाबा तू कोनाचा म्हनून. तवर सरका."

ते सरकले. चौघांतल्या तिघांची नाळ तिनंच कापली होती.

हे सगळं मी कौतुकानं चारचौघांत सांगायचो. आणि तरीही जे करायचं नाही तेच केलं.

मी आठवीचा वर्गशिक्षक होतो. माझ्या वर्गात सुमन नावाची मुलगी होती. तिचा बाप मालगाडीच्या डब्यांची सीलं तोडून पोती पळवायचा. दोनदा तुरुंगात जाऊन आलेला. एके दिवशी माझा शाईचा पेन हरवला आणि सुमनच्या दप्तरात सापडला. पोरगी नाही म्हणाली नाही. खाली मान घालून उभी राहिली. मी सगळ्या शिक्षकांदेखत म्हणालो, "बापावर गेली, दुसरं काय!"

हेडमास्तरांनी तिला शाळेतून काढायचं ठरवलं. "दाखला तयार करा. वर्तणुकीच्या रकान्यात 'असमाधानकारक' लिहा." तो एक शब्द पडला असता, तर कुठल्याच शाळेनं तिला दारात उभं केलं नसतं. पुढचं ठरलेलं होतं. कुठं तरी नवरा बघायचा आणि उजवून टाकायची. सुमनची आई रडत खालाकडं धावली.

दुपारी खाला पेटीसकट ऑफिसात हजर.

"मास्तर, पोरीनं पेन घेतला?"

"घेतला, खाला. दप्तरात सापडला."

ती नाही म्हणेल, भांडेल, अशी माझी तयारी होती. खाला म्हणाली, "मंग सजा द्या. वर्ग झाडून घ्या, शंबर डाव लिवून घ्या. पेनची सजा पेनएवडी. ह्यो कागद कशाचा?"

"बापाचे गुण उतरलेत तिच्यात," हेडमास्तर म्हणाले.

खालानं पेटी टेबलावर आदळली. "कवा उतरले? ती जल्मली तवा मी तितं हुते, तुमी न्हवता! आडवी आली हुती पोरगी. दीड दिस झुंजले. अंगावरून सारा हात फिरवून बगितला मी, चोरी कुटंच लिवलेली न्हवती. अल्लानं कोरी धाडली तिला. मागून कोनी लिवलं असंल तर पुसा. मास्तर हाव ना तुमी? डस्टर कशाला हाय?"

"खाला, शाळेला नियम असतात."

"असू द्या. मी बसते." आणि ती ऑफिसच्या उंबऱ्यात बसली. "दाई हाय मी. बसायची लय आदत हाय. काम झाल्याबिगर उटत न्हाई."

हेडमास्तरांनी शिपायाला हाक मारली. शिपाईही खालाच्याच हातचा. त्याला नेमकी तेव्हाच घंटा द्यायची आठवण झाली.

शाळा सुटली. पोरं गेली. खाला उठेना आणि म्हातारीला ओलांडून जायची हेडमास्तरांची हिंमत होईना. दाखला माझ्यासमोर होता. सगळे रकाने भरलेले, तो एक सोडून. मला माझीच लाज वाटली. मी म्हणालो, "सर, पेन माझा होता. माझी तक्रार नाही. हा रकाना मी भरणार नाही. तुम्हाला भरायचा तर तुम्ही भरा."

हेडमास्तरांनी माझ्याकडं पाहिलं, उंबऱ्याकडं पाहिलं आणि कागद टराटरा फाडला. सुमननं पंधरा दिवस वर्ग झाडावा, असं ठरलं. खाला गुडघ्यावर हात देत उठली. "मुलगी झाली असं समजा," म्हणाली.

पेटी मी घेतली आणि तिच्या घरापर्यंत गेलो. दारात ती म्हणाली, "मास्तर, एक खत लिवून देता?"

तिला मुलगा होता, हे मला त्या दिवशी कळलं. नवरा दारूपायी गेला. पोरगा सोळाचा असताना एकदा पिऊन घरी आला. एकदाच. खाला त्याला म्हणाली, बापावरच गेलास तू. पोरगा सकाळच्या पॅसेंजरनं निघून गेला, त्याला अकरा वर्षं झाली होती.

मी कागद काढला. "पत्ता?"

"पत्ता न्हाई. लिवून तर ठिवा. आला तर वाचंल. मराटी साळंत शिकलाय त्यो."

मी मायना लिहिला आणि पुढं काय म्हणून थांबलो.

"लिवा," ती म्हणाली, "अम्मी तुला खोटं बोलली हुती."