तृतीय श्रेणीचा मोर

मुलांनो, थंडी तेवढी वेळेवर यायची आणि बाकी काहीच वेळेवर होत नसे, अशा एका जंगलात साळूबाई नावाची एक साळिंदर राहत होती. ती गोधड्या शिवायची.

नदीच्या वरच्या अंगाला धोबीघाट होता. तिथून फाटकी लुगडी वाहत यायची. साळूबाई ती वाळवायची, थरावर थर घालायची आणि वर नक्षी उतरवायची. कशी, ते ऐका. पळसाच्या पानावर ती मोर काढायची. आपलाच एखादा गळलेला काटा घेऊन त्या रेषांवर भोकं पाडायची. पान कापडावर ठेवायची आणि चुलीतली राख पुरचुंडीत बांधून वरून थोपटायची. पान उचललं की कापडावर ठिपक्यांचा मोर. मग ठिपक्यांवरून धावदोरा. शेवटी गोधडी झटकली की राख उडून जायची, मोर राहायचा. कापड पांढरं असलं तर राखेऐवजी कोळशाची पूड. एवढीच विद्या.

त्या वर्षी भिंगरी हरिणीला दिवस गेले होते.

"साळूबाई, पौषात बाळ येईल. गोधडी होईल ना?"

"होईल. लुगडं मऊ बघून आण म्हणजे झालं."

तेवढ्यात उदाजीराव परत आले. हे उदमांजर शहरात एका कापडदुकानाच्या माळ्यावर दोन वर्षं राहिलं होतं, त्यामुळे त्याला कापडातलं सगळं कळत होतं.

"हे काय थोपटताय?" उदाजीरावांनी विचारलं.

"राख."

"कुठली?"

"चुलीतली."

"प्रमाणित आहे का?"

"चूल ना? चांगली पेटते," साळूबाई म्हणाली.

उदाजीराव तडक दरबारात गेले. वाघमहाराज जेवून पेंगत होते.

"महाराज, आपली प्रजा राखेखाली झोपते आहे."

महाराजांना काही कळलं नाही. पण प्रजेचं नाव निघालं म्हणून त्यांनी मान हलवली. त्या जंगलात महाराजांची मान हलली की तो कायदा होत असे. दुसऱ्या दिवशी दवंडी पिटली. परवान्याशिवाय कुणीही कापडावर नक्षी उतरवू नये. परवान्यासाठी प्रशिक्षण घ्यावे. प्रशिक्षण उदाजीराव देतील. फाल्गुनात.

बाळ मात्र पौषातच आलं. पाडस फार बारीक होतं. सकाळी भिंगरी साळूबाईच्या दारात उभी राहिली.

"रात्रभर थरथरत होतं. आता दूधही ओढत नाही. नक्षी राहू द्या, साळूबाई. नुसती शिवून द्या."

साळूबाईची नजर अधू झाली होती. ठिपक्यांशिवाय तिचा दोरा भरकटला. एक ओळ नदीकडे गेली, दुसरी डोंगराकडे. इतकी वेडीवाकडी गोधडी तिच्या हातून कधी झाली नव्हती. देताना तिने मान खाली घातली. भिंगरीने गोधडी पाडसावर घातली. दुपारपर्यंत त्याचं थरथरणं थांबलं आणि संध्याकाळी ते दूध प्यायलं.

चौकशीला एक माकड शिपाई आला. त्याने गोधडी उलटीसुलटी करून पाहिली.

"नक्षी कुठे आहे?"

"नाही," साळूबाई म्हणाली.

"मग गुन्हा होत नाही," तो जरा नाराजीनेच म्हणाला.

फाल्गुनात प्रशिक्षण सुरू झालं. उदाजीरावांनी नक्षीदार डबी उघडली. आत भस्मचूर्ण होतं. म्हणजे राखच, पण डबीतली. त्यांनी कापडावर पान ठेवलं आणि चूर्ण थोपटलं. पानाला भोकं पाडायची असतात हे त्यांना ठाऊक नव्हतं. पान उचललं तर खाली कोरं कापड.

"कापडात दोष आहे," उदाजीराव म्हणाले. "साळूबाई, पुढे या. जरा प्रात्यक्षिक दाखवा."

साळूबाईने भोकं पाडली, थोपटलं, पान उचललं. मोर उमटला. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या.

"पाहिलीत माझी पद्धत?" उदाजीराव म्हणाले.

साळूबाईच्या अंगावरचे काटे उभे राहिले. मग तिने ते एकेक करून खाली बसवले. टोचून परवाना मिळत नाही, हे तिला कळत होतं.

महाराजांनी उदाजीरावांना शाल दिली आणि 'नक्षीमहर्षी' म्हटलं. साळूबाईला परवाना म्हणून प्रमाणपत्र मिळालं. तृतीय श्रेणी. शेरा: प्रयत्न बरा, सराव हवा.

भिंगरीने ते वाचलं आणि तिचे कान ताठ झाले. "फाडून टाका ते."

"अगं, फाडायचं कशाला? हात लावून तर बघ," साळूबाई म्हणाली. "पळसाचं पान दोन मोरांत फाटतं. हा कागद बघ कसा चिवट आहे."

तिने प्रमाणपत्र पालथं केलं. कोऱ्या बाजूवर पिसारा फुलवलेला मोर काढला आणि काट्याने भोकं पाडायला घेतली. पहिलं भोक नेमकं उदाजीरावांच्या सहीतून गेलं. त्या एका कागदावरून आजवर बत्तीस मोर उतरले आहेत, आणि कागद अजून शाबूत आहे.

तात्पर्य: मुलांनो, येत असलेली कला पुन्हा शिकायला कधीही लाजू नये. प्रमाणपत्र अवश्य घ्यावे. फक्त घेताना श्रेणी पाहू नये, कागदाची जाडी पाहावी.